बॅटरीवरची हीट गन घ्यायची तर कोणत्या कंपनीची?

प्रश्न थोडक्यात असा: हाताशी मकिताची 18 व्होल्टची ड्रिल मशीन आहे, तिच्या दोन बॅटऱ्या आहेत. आता वायरिंगच्या कामासाठी, मुख्यतः हीट श्रिंक (तापवली की जोडावर घट्ट आकसणारी नळी) बसवायला, बॅटरीवर चालणारी हीट गन हवी आहे. अधूनमधून गाडीवरचे जुने स्टिकर काढायचे असतात, आणि जमलंच तर दरवाज्यांचा जुना रंगही खरवडायचा आहे. मिलवॉकीची गन झटकन तापते असं ऐकलंय, डिवॉल्टचं तापमान जास्त आहे असं वाचलंय. मग मकिताच घ्यावी की दुसऱ्या कंपनीकडे वळावं?

आधी रंगाचं काम यादीतून काढा. बाकीचं मग सोपं होतं. बॅटरीवरच्या कुठल्याही हीट गनने अख्ख्या दरवाज्याचा रंग काढायला बसणं म्हणजे बॅटऱ्या चार्जिंगला लावत दिवस घालवणं. त्यासाठी वायरवाली 1500 ते 2000 वॅटची गन घ्या. ती बॅटरीवाल्या गनपेक्षा स्वस्त असते आणि तासन् तास चालते. एखाद्या खिडकीच्या कोपऱ्यातला वीतभर पोपडा काढायचा असेल तर बॅटरीवाली चालेल, त्यापुढे नको.

असं का, हे कळण्यासाठी थोडं गणित करू. कंपन्यांच्या माहितीपत्रकात दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात. एक कमाल तापमान, समजा 500 अंश सेल्सिअस. दुसरा हवेचा झोत, समजा मिनिटाला 200 लिटर. 200 लिटर हवेचं वजन साधारण 240 ग्रॅम, म्हणजे सेकंदाला 4 ग्रॅम हवा तोंडातून बाहेर पडते. एक ग्रॅम हवा एका अंशाने तापवायला ढोबळमानाने एक जूल लागतो. खोलीतली 25 अंशांची हवा 500 वर न्यायची तर सेकंदाला 4 गुणिले 475, म्हणजे 1900 जूल. सरळ भाषेत 1900 वॅट. 18 व्होल्टच्या बॅटरीतून 1900 वॅट काढायचे तर 100 अँपिअरच्या वर करंट लागेल. आणि 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीत ऊर्जा असते 90 वॅट-अवर. ती तीन मिनिटांच्या आत संपेल.

प्रत्यक्षात अशी गन त्याच बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटं चालते. उलटं गणित मांडा: पाव तास चालली तर सरासरी 360 वॅट. म्हणजे छापलेले ते दोन्ही आकडे एकाच वेळी, सगळ्या हवेला लागू होणं शक्यच नाही. तापमान झोताच्या मधोमध, तोंडाला लागून, सगळ्यात गरम जागी मोजलेलं असतं. झोत बहुधा वेगळ्या परिस्थितीत मोजलेला असतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, वायरवाल्या गनचे आकडेही याच रीतीने छापतात. पण 530 विरुद्ध 470 अशी तुलना करून गन निवडणाऱ्याने हे लक्षात घ्यावं, की खरी ताकद वॅटमध्ये आहे आणि बॅटरीवाल्या गनच्या खोक्यावर वॅट सहसा लिहिलेलेच नसतात. 18 व्होल्टच्या सगळ्या गन जवळपास एकाच कुवतीच्या असतात, कारण सगळ्यांच्या मागे तीच पाच सेलची माळ आहे.

माळेचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. डिवॉल्टच्या काही खोक्यांवर 20 व्होल्ट मॅक्स लिहिलेलं असतं आणि मकिताच्या खोक्यावर 18 व्होल्ट, त्यामुळे डिवॉल्ट जास्त ताकदीची, असा समज सर्रास दिसतो. दोन्हीत लिथियम-आयनचे पाचच सेल एकामागे एक जोडलेले असतात. चालू कामात सेलमागे 3.6 व्होल्ट धरले की 18 होतात. पूर्ण चार्ज करून, भार न लावता मोजले की 20 च्या वर दिसतात. तीच डिवॉल्ट काही देशांत 18 व्होल्ट एक्सआर नावाने विकली जाते.

आता तापमानाकडे. तुमच्या कामाला किती लागतं? वायरिंगमध्ये वापरली जाणारी पॉलिओलेफिनची साधी हीट श्रिंक ट्यूब 90 ते 125 अंशांच्या दरम्यान आकसते. आतून गोंद असलेली दुहेरी ट्यूब थोडी जास्त वेळ तापवावी लागते, कारण गोंद वितळून दोन्ही टोकांतून किंचित बाहेर डोकावला पाहिजे. ज्या सोल्डर भरलेल्या पारदर्शक स्लीव्ह मिळतात त्यातलं टिन-बिस्मथचं सोल्डर 138 अंशांना वितळतं. टेफ्लॉनच्या ट्यूबला मात्र 300 च्या वर जावं लागतं, पण ती तुम्हाला क्वचितच लागेल. मग 470 आणि 530 मधल्या फरकाने काय साधतं? हीट श्रिंकसाठी जवळजवळ काहीच नाही. गरजेपेक्षा तापमान कितीतरी जास्त असल्यामुळे सगळं काम अंतरावर आणि हात फिरवण्यावर चालतं. उलट पीव्हीसीचं इन्सुलेशन साधारण 70 ते 105 अंशांसाठी बनवलेलं असतं. एका जागी हात थांबला की ट्यूब आकसायच्या आधी शेजारच्या वायरचं इन्सुलेशन मऊ होऊन चमकायला लागतं, मग फुगतं.

म्हणून माझ्या लेखी वरच्या आकड्यापेक्षा खालचा आकडा महत्त्वाचा. गनला कमी तापमानाची सोय आहे का?

इथे ब्रँडांमध्ये खरा फरक सापडतो. मिलवॉकीच्या एम18 मालिकेतली छोटी हीट गन एकाच तापमानाची आहे, साधारण 470 अंश. डिवॉल्टच्या डीसीई530 ला दोन पायऱ्या आहेत, 290 आणि 530. बॉशच्या जीएचजी 18व्ही-50 ला 300 आणि 500. मेटाबोच्या 18 व्होल्टच्या गनलाही 300 आणि 500 याच दोन पायऱ्या. मकिताची 18 व्होल्टची गन 550 पर्यंत जाते, आणि तिच्यात तापमान डायलने कमी-जास्त करता येणारं मॉडेलही आहे. र्‍योबीची वन प्लस मालिकेतली गन 470 च्या आसपास थांबते. आणि जर्मनीच्या स्टाइनेलची एमएच5 नावाची गन आहे, जिच्यात पडद्यावर आकडा बघून 50 ते 500 अंशांपर्यंत तापमान ठरवता येतं. स्टाइनेल ही मूळची हीट गनवाली कंपनी, बाकीच्यांसाठी हीट गन हे यादीतलं आणखी एक टूल. तो फरक वापरताना जाणवतो.

मिलवॉकीला एकच तापमान आहे म्हणून ती वाईट ठरते का? मुळीच नाही. ती गाडीच्या किंवा पॅनेलच्या वायरिंगवाल्यासाठीच बनवलेली दिसते. आखूड आहे, हलकी आहे, डॅशबोर्डच्या खाली किंवा पॅनेलच्या आत एका हाताने धरता येते, आणि सात सेकंदांच्या आत पूर्ण तापते असा कंपनीचा दावा आहे. तो दावा माझ्या अनुभवाशी जुळतो. दिवसभर एकामागून एक जोड करणाऱ्याला दुसरं तापमान लागतच नाही. पण तुमच्या यादीत स्टिकर आहेत. विनाइल स्टिकर काढताना गोंद फक्त कोमट-गरम व्हायला हवा, 60-70 अंश पुरतात. स्टिकरच्या खाली गाडीचा रंग आहे, त्याच्याही खाली कदाचित प्लॅस्टिकचा बंपर. 470 अंशांचा झोत तिथे वापरता येतो, पण हात लांब ठेवून, सतत हलवत. एकदा लक्ष उडालं की बंपरला लाट पडते आणि ती परत सरळ होत नाही. 290-300 ची पायरी असेल तर चुकीला थोडी सवलत मिळते. डायल असेल तर आणखी बरं.

तापायला लागणारा वेळ ही दुसरी गोष्ट, आणि बॅटरीच्या गनमध्ये ती फार मोठी. वायरवाली गन एकदा चालू केली की दोन जोडांच्या मध्ये तशीच घोंघावत ठेवता येते, वीज जाते ती जाते. बॅटरीच्या गनमध्ये प्रत्येक जोडाला ट्रिगर दाबायचा, तापू द्यायची, काम करायचं, सोडायचं. समजा एका जोडाला दहा सेकंद उष्णता लागते. गन सात सेकंदांत तापत असेल तर जोडामागे 17 सेकंद ट्रिगर दाबलेला. 360 वॅटच्या हिशेबाने 1.7 वॅट-अवर. 90 वॅट-अवरच्या बॅटरीत साधारण पन्नास जोड. हीच गन तापायला अर्धा मिनिट घेत असेल, आणि र्‍योबीसारख्या घरगुती गनला तेवढा वेळ लागतो, तर जोडामागे 40 सेकंद, म्हणजे 4 वॅट-अवर. बॅटरी बावीस-तेवीस जोडांत संपली. काम तेवढंच झालं, बॅटरीतली तीन चतुर्थांश ऊर्जा नुसती एलिमेंट, म्हणजे गनच्या आतली तापणारी तार, तापवण्यात गेली. लागोपाठ जोड केले तर नोझल गरमच राहतं आणि हा फरक कमी होतो, म्हणून शहाणा माणूस आधी सगळे जोड क्रिंप करून (पक्कडीने दाबून) ट्यूब चढवून ठेवतो आणि मग एका दमात सगळ्यांवरून गन फिरवतो. एक-एक जोड पूर्ण करत जाण्यापेक्षा याने बॅटरी सरळ दुप्पट पुरते.

आता बॅटरीबद्दल. तुमच्याकडच्या दोन बॅटऱ्या किती अँपिअर-अवरच्या आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निर्णय त्याच्यावर बराच अवलंबून आहे. ड्रिल मशीनच्या सेटमध्ये बहुधा दीड किंवा दोन अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटऱ्या येतात. त्यांच्यात सेलची एकच माळ असते. हीट गन 18 व्होल्टवर 360 वॅट ओढते म्हणजे 20 अँपिअर, आणि तेही सलग. ड्रिल मशीन क्षणभर त्याहून जास्त ओढते, पण क्षणभरच. हीट गन म्हणजे बॅटरीवर अखंड चढाव. छोट्या बॅटरीत ते सगळे 20 अँपिअर एकाच सेलमधून जातात, बॅटरी तापते, व्होल्टेज खाली बसतं आणि संरक्षण सर्किट मध्येच गन बंद करतं. चार-पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीत दोन माळा शेजारी-शेजारी असतात, प्रत्येकीवर दहाच अँपिअर पडतात. म्हणून तीच गन मोठ्या बॅटरीवर नुसती जास्त वेळ चालत नाही, जास्त नेटाने चालते. जाड सेलच्या बॅटऱ्या, जशी बॉशची प्रोकोर मालिका, किंवा डिवॉल्टची चपट्या सेलची पॉवरस्टॅक, या कामाला साध्या बॅटरीपेक्षा सरस. दोन अँपिअर-अवरच्या बॅटरीवर हीट गन चालवून ‘गन भिकार आहे’ म्हणणारे खूप भेटतात. गन ठीक असते.

व्होल्टेज खाली बसण्याची गोष्ट आणखी एका कारणाने महत्त्वाची. पूर्ण चार्ज झालेली पाच सेलची बॅटरी 21 व्होल्ट देते आणि संपत आली की 15 च्या आसपास येते. साध्या एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 15 भागिले 21, त्याचा वर्ग, जवळपास निम्मे. म्हणजे ज्या गनमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नाही तिची उष्णता बॅटरी संपता संपता अर्ध्यावर येते, आणि सुरुवातीला चार सेकंदांत आकसणारी ट्यूब शेवटी आठ सेकंद घेते. नियंत्रण असलेल्या गनमध्ये सर्किट ही घट भरून काढतं. बिननावाच्या स्वस्त गन आणि नामांकित गन यांच्यातला हा फरक खोक्यावर कुठेच लिहिलेला नसतो. तपासायचा असेल तर सोपं आहे: एकाच मापाच्या ट्यूबचे तुकडे घ्या, एक भरल्या बॅटरीवर आकसवा, एक बॅटरीवरचा चार्जचा शेवटचा दिवा उरला असताना. दोघांना लागलेला वेळ बघा. तापमान मोजायचं मनात असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरू नका. तो हवेचं तापमान मोजतच नाही, मागच्या भिंतीचं मोजतो, आणि चकचकीत धातूवर तर खोटंच सांगतो. मल्टिमीटरसोबत मिळणारा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) झोतात दोन-तीन सेंटिमीटरवर धरा, थोडाफार खरा आकडा तेव्हा कळतो.

तर तुमच्याकडे मकिताच्या 18 व्होल्टच्या एलएक्सटी बॅटऱ्या असतील आणि त्यातली एक तरी चार-पाच अँपिअर-अवरची असेल, तर विषय संपला, मकिताची डायलवाली गन घ्या. नुसती गन, बॅटरी-चार्जरशिवाय. दुसऱ्या कंपनीकडे वळायचं तर गन, बॅटरी आणि चार्जर तिन्ही आले, आणि मग ती एकटी बॅटरी फक्त हीट गनसाठी पडून राहणार. हीट गन हे असं टूल नाही की ज्यासाठी माणसाने बॅटरीचं घराणं बदलावं. घराणं ड्रिल, इम्पॅक्ट, ग्राइंडर, करवत यांच्या जोरावर निवडायचं, हीट गन त्यांच्या मागून येते. बॅटऱ्या छोट्याच असतील तर गनसोबत एक पाच अँपिअर-अवरची घ्या. ती ड्रिललाही उपयोगी पडेल, त्यामुळे पैसे वाया गेले असं वाटणार नाही. मकिताची 40 व्होल्टची एक्सजीटी मालिका वेगळी आहे, तिच्या बॅटऱ्या 18 च्या टूलला बसत नाहीत, हे मागवताना लक्षात असू द्या.

काही जण विचारतात की दुसऱ्या कंपनीची गन घेऊन मध्ये अडॅप्टर लावला तर? ड्रिलसाठी लोक लावतात, दिवा लावायला तर खुशाल लावा. हीट गनला लावू नका. एक तर वीस अँपिअर सलग त्या अडॅप्टरच्या पातळ पत्र्यांतून जातात आणि प्लॅस्टिक मऊ व्हायला लागतं. दुसरं, बॅटरी रिकामी झाल्यावर थांबायचं काम काही कंपन्यांत बॅटरीतलं सर्किट करतं आणि काहींत टूलमधलं. जोडी मोडली की ते काम कुणीच न करण्याची शक्यता असते, सेल मर्यादेच्या खाली ओढले जातात आणि बॅटरी मरते. कंपन्यांनी आपसात ठरवून एकच बॅटरी वापरणं हा मात्र वेगळा आणि चांगला मार्ग आहे. मेटाबोच्या पुढाकाराने 2018 मध्ये सीएएस नावाची आघाडी सुरू झाली, स्टाइनेल तिच्यात आहे, म्हणून स्टाइनेलची गन मेटाबोच्या बॅटरीवर थेट चालते. बॉशने अँपशेअर नावाने असंच जाळं उभं केलं आहे. ज्याच्याकडे मेटाबोची टूल आहेत आणि उष्णतेचं काम रोजचं आहे, उदाहरणार्थ विनाइल रॅप लावणारा किंवा प्लॅस्टिक वाकवणारा, त्याने स्टाइनेल बघावीच. आकडा लावून तेच तापमान पुन्हा पुन्हा मिळणं ही त्याच्यासाठी चैन नाही.

ब्रँडची नावं घेऊन झाली. आता ज्या गोष्टी माहितीपत्रकात नसतात आणि दुकानात गन हातात घेतल्यावरच कळतात, त्या.

ट्रिगर. काही गनमध्ये तो दाबून धरावा लागतो, सोडला की बंद. काहींमध्ये चालू ठेवायला कुलूप असतं. शिडीवर किंवा गाडीखाली काम करणाऱ्याला पहिला प्रकार सुरक्षित, कारण गन हातातून निसटली तर आपोआप थांबते. टेबलावर गन उभी करून दोन्ही हातांनी वायर तिच्या झोतात फिरवणाऱ्याला दुसरा प्रकार हवा. डिवॉल्टला चालू ठेवायची सोय आहे. जी घ्याल तिच्यात काय आहे ते आधी बघा, आणि बघताना तुमच्याकडच्या मापाची बॅटरी लावूनच बघा. छोटी बॅटरी लावून हलकी वाटणारी गन मोठ्या बॅटरीवर मागे झुकते. याउलट मोठ्या बॅटरीच्या सपाट बुडावर गन नीट उभी राहते आणि छोट्या बॅटरीवर डुगडुगते. नोझल वर करून उभी न राहणारी हीट गन मी तरी टेबलावरच्या कामाला घेणार नाही.

नोझल. हीट श्रिंकला वाटीसारखं वळलेलं नोझल पाहिजे, जे झोत ट्यूबच्या मागच्या बाजूनेही फिरवतं. ते नसेल तर ट्यूब समोरून आकसते, मागून सैल राहते, आणि माणूस गन फिरवत बसतो तोवर समोरची बाजू जळते. कमी वॅटच्या गनला या नोझलची गरज वायरवालीपेक्षा जास्त, कारण वाया घालवायला तिच्याकडे उष्णता नाही. बॅटरीवाल्या गनची तोंडं वायरवालीपेक्षा लहान असतात, त्यामुळे जुनी नोझल बसतीलच असं नाही. खोक्यात कोणती येतात ते तपासा. आणि अगदी अरुंद नोझल लावून गन जास्त वेळ चालवू नका, हवा तुंबली की उष्णता आतच राहते आणि एलिमेंट जातं.

मोठ्या लगवरची ट्यूब हा बॅटरीवाल्या गनचा कस पाहणारा प्रसंग. बॅटरी केबलसारखी जाड तांब्याची केबल, तिच्या टोकाला लग (नट-बोल्टने जोडायची धातूची कडी), लगवर गोंदवाली ट्यूब. तांबं उष्णता पिऊन टाकतं, ट्यूब वरून आकसते पण आतला गोंद थंडच राहतो. बाहेरून जोड सुंदर दिसतो आणि पुढे पाणी आत शिरतं. अशा वेळी ट्यूबच्या आधी लगचा धातू तापवायचा, मग ट्यूब सरकवून मधून टोकांकडे जायचं, आणि गोंद दोन्हीकडे डोकावेपर्यंत थांबायचं नाही. सगळ्यात जाड केबलवर हे करताना बॅटरीवाली गन रडकुंडीला येते. गंजलेला नट तापवून सोडवायचा विचार असेल तर तोही सोडा. मोठ्या लोखंडी भागात बसलेल्या नटाला ही गन पुरत नाही, आजूबाजूचं लोखंड उष्णता पसरवून टाकतं.

लायटर किंवा छोटा गॅस टॉर्च वापरून ट्यूब आकसवणारे पुष्कळ आहेत. आगीच्या ज्योतीचं तापमान हजाराच्या वर असतं, ट्यूब काळी पडते, एका बाजूने करपते आणि आतला गोंद नीट वितळतच नाही. बॅटरीवाल्या हीट गनचा मुकाबला खरं तर या टॉर्चशी आहे, वायरवाल्या गनशी नाही. टॉर्च जिथे नेता येतो तिथे ही नेता येते, पण उघडी ज्योत नसते. तरीही पेट्रोल, थिनर किंवा गॅसच्या वाफांच्या जवळ तिचा उपयोग करायचा नाही. आत लालबुंद तार आहेच.

गन बंद केल्यावर काय होतं, हेही विकत घेतानाच विचारात घ्या. चांगल्या वायरवाल्या गनमध्ये नुसती थंड हवा सोडायची सोय असते. बॅटरीवाल्या बहुतेक गनमध्ये ट्रिगर सुटला की पंखाही थांबतो आणि तापलेलं एलिमेंट आतल्या आत धुमसत राहतं. ही उष्णता मागे सरकून प्लॅस्टिकच्या आवरणाला लागते. कमी तापमानाची पायरी असेल तर काम संपताना पाच-दहा सेकंद त्यावर चालवून मग बंद करा, गनचं आयुष्य वाढतं. नोझल पुढची काही मिनिटं कातडी सोलण्याइतकं गरम असतं. वायर नसल्यामुळे गन लगेच पिशवीत टाकण्याचा मोह होतो, आणि वितळलेल्या टूलबॅग त्यातूनच तयार होतात. अडकवायचा हूक असेल तर वापरा. पिशवीत ठेवताना बॅटरी काढूनच ठेवा, कारण दुसऱ्या टूलखाली ट्रिगर दाबला गेला तर बंद पिशवीत 500 अंशांची हवा सुटेल.

रंगाबद्दल एक शेवटची गोष्ट, कारण तुम्ही तरीही थोडा प्रयत्न करून बघाल असं वाटतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, शिसं असलेल्या रंगावर 1100 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 593 सेल्सिअसच्या वरची हीट गन वापरायला मनाई केली आहे, कारण त्यापुढे शिशाची वाफ होण्याचा धोका वाढतो. बॅटरीवाल्या गन या मर्यादेच्या खालीच राहतात, पण खरवडताना उडणारा चुरा तितकाच विषारी असतो. जुना रंग असेल तर आधी चाचणी करा, योग्य मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. आणि काचेच्या कडेचा रंग या गनने काढू नका, एका बाजूने तापलेली काच तडकते.

बॅटरीची निगा वेगळी सांगत नाही, दोनच मुद्दे. हीट गनमधून काढलेली बॅटरी हाताला गरम लागत असेल तर लगेच चार्जरवर चढवू नका. चांगला चार्जर ती निवेपर्यंत स्वतःच थांबतो, स्वस्त चार्जर थांबत नाही. आणि हुबेहूब दिसणाऱ्या नकली बॅटऱ्यांवर हीट गन चालवू नका. ड्रिलमध्ये त्या महिनोन् महिने निभावून जातात, सलग वीस अँपिअर ओढले की त्यांच्या आतल्या पातळ जोडपट्ट्या आणि हलके सेल उघडे पडतात. मकिता सांगितली ती मूळ बॅटरी धरूनच. तुमच्याकडच्या दोन बॅटऱ्या मूळ आहेत का आणि त्यांच्यावर किती अँपिअर-अवर छापलंय, तेवढं पाहून घ्या आणि मग मागवा.